एका रकान्यात अडकलेली पेन्शन : १९७१ च्या एका नौसैनिकाचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका बंदरगावचं आहे. नाव, गाव, सर्व्हिस नंबर, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि लिहायला कुटुंबाची संमती घेतलीय. त्या गृहस्थांना इथे तात्या म्हणतो, त्यांच्या पत्नीला काकी. मी स्वतः सैन्याच्या क्लार्क शाखेतून निवृत्त झालो. तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेत आता कागदपत्रांचं काम बघतो.

नौदलात दहा वर्षं काढून आलेले आणि पेन्शन नसलेले म्हातारे कोकणात अजून गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या काहींचा पेन्शनवर हक्क बनतो, काहींचा बनत नाही, आणि दोघांमध्ये फरक असतो तो सर्व्हिस सर्टिफिकेटवरच्या एका ओळीचा. तात्यांच्या बाबतीत ती ओळ काय होती, तिचा अर्थ कसा लावला गेला आणि कुठल्या वळणावर काय ठरवलं, ते सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

तात्यांचे वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार. घरात सहा भावंडं, जमीन नावापुरती. जुनी अकरावी झाल्यावर तात्या मुंबईला गेले आणि डिलाईल रोडला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. कोकणातला मुलगा त्या काळी मुंबईत पहिलं पाऊल अशाच खोलीत टाकायचा. एका गाववाल्याबरोबर ते भरतीला गेले. तो नापास झाला, हे पास झाले. जानेवारी १९६७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नौदलात नाव लागलं. आधी कोचीला प्रशिक्षण, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं शिक्षण, आणि पुढे बॉयलर रूम. सरकारी हुद्दा काहीही असो, ते स्वतःला स्टोकरच म्हणवतात.

भरतीच्या अटी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण सगळं प्रकरण त्यांवरच उभं आहे. त्या काळी खलाशाचा करार दोन भागांत असायचा. पहिली दहा वर्षं प्रत्यक्ष सेवा. त्यानंतरची दहा वर्षं फ्लीट रिझर्व्ह, म्हणजे माणूस घरी राहणार, पण नौदलाने बोलावलं की हजर होणार. दोन्ही मिळून वीस वर्षं भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. नुसत्या प्रत्यक्ष सेवेवर पेन्शन हवी तर पंधरा वर्षं भरावी लागत. दहा वर्षांनी घरी येणाऱ्याचं भवितव्य त्यामुळे पूर्णपणे दुसऱ्या भागावर अवलंबून होतं.

पूर्वेकडचं युद्ध

१९७१ साली तात्या विक्रांतवर होते. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता आणि उरलेल्या तिघांवर जहाज चालवायचं ठरलं होतं. वेग कमी, आणि विमानवाहू जहाजाला वेग नसला की विमान उडवणंच अवघड होतं. डेकवरून विमान भिरकावणाऱ्या कॅटापल्टला लागणारी वाफही त्याच बॉयलरमधून जायची. वरच्या डेकवरच्या वैमानिकांबद्दल खूप लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. पण ती वाफ टिकवून धरणारी माणसं खाली होती.

पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विक्रांतच्याच शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. विक्रांत तेव्हा तिथे नव्हतीच, ती अंदमानच्या बाजूला होती. ४ डिसेंबरला सकाळी तिच्यावरून सी हॉक विमानं कॉक्स बाझारवर गेली आणि त्यानंतर चितगाव. युद्धातलं यातलं काय दिसलं असं विचारलं की तात्या सांगतात, “आमका काय दिसा नाय. विमान सुटला की खाली हादरो बसा. आमी मनात मोजी होतंव, किती गेली नि किती इली.” बॉयलर रूममधला उकाडा, कानात सतत घुमणारा आवाज आणि जेवायला मिळेल तेव्हा मिळेल ते, एवढंच त्यांचं युद्ध.

९ डिसेंबरला पश्चिमेकडे दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. अठरा अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. लोणावळ्याला तात्यांबरोबर शिकलेली काही मुलं त्यात होती. त्यांची नावं ते घेतात, पण पुढे काही बोलत नाहीत.

युद्धानंतर त्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पूर्वेकडच्या युद्धाचं पदक मिळालं. प्रकरणाच्या दृष्टीने या पदकाचा उपयोग मर्यादित आहे. युद्धात भाग घेतला म्हणून पेन्शन मिळते, असा एक मोठा गैरसमज आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये असतो. पदक सन्मानाचं, पेन्शन सेवेच्या अटींची. दोन्ही एकत्र केलं की अर्ज भावनिक होतो आणि फाईल मागे पडते.

सुटका आणि पुढची चाळीस वर्षं

१९७६ च्या उत्तरार्धात ऑफिसमधून तात्यांना बोलावणं आलं. दहा वर्षं भरत आली होती. पुढे नोकरी वाढवून हवी का, असं विचारलं गेलं. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, धाकट्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती आणि १९७४ मध्ये लग्न करून आणलेली काकी एकटी घर ओढत होती. तात्यांनी नको म्हटलं आणि दिलेल्या कागदावर सही केली. त्यांच्या हिशोबी आता घरी जायचं आणि दहा वर्षं रिझर्व्हमध्ये राहायचं, जसं भरतीच्या वेळी सांगितलं होतं तसं.

सरकारने ३ जुलै १९७६ पासून फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणंच बंद केलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. जानेवारी १९७७ मध्ये ते सुटले, ग्रॅच्युइटीचे पैसे घेतले, ट्रंक उचलली आणि बोलावण्याची वाट बघत राहिले. ते कधी आलंच नाही.

बॉयलरचं काम येत असल्यामुळे परळच्या एका गिरणीत बॉयलर अटेंडंट म्हणून लागले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप झाला. इतरांसारखीच त्यांनीही बराच काळ वाट पाहिली, मग बिऱ्हाड गुंडाळून गावी आले. बंदरावर यांत्रिकी नौकांची इंजिनं दुरुस्त करू लागले. भागातल्या जुन्या ट्रॉलरवाल्यांना अजून तात्यांचा हात आठवतो. आवाजावरून इंजिनात काय बिघडलंय ते सांगायचे. पुढे तोच कान गेला. डावा जवळजवळ पूर्ण, उजवा अर्धा. सत्तरीला आले तेव्हा काम बंद होतं, मुलगा नालासोपाऱ्याला कारखान्यात, आणि घरखर्च आंब्याच्या चार कलमांवर आणि मुलाच्या मनीऑर्डरवर.

नेमकी अडचण

२०१८ मध्ये काकींना छातीत दुखायला लागलं. गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, पुढचे उपचार करावे लागले आणि काकींच्या बांगड्या गहाण पडल्या. मुलगा माझ्याकडे आला तो पेन्शनसाठी नाही, “बाबांना मिलिटरीचं हॉस्पिटलचं कार्ड मिळेल काय?” हे विचारायला. त्याला ईसीएचएस म्हणायचं होतं. ते कार्ड पेन्शनरला मिळतं. पेन्शन नाही म्हणून कार्ड नाही, हे सांगितल्यावर तो उठायला लागला. मी म्हटलं, “बस. आधी बाबांचं सर्टिफिकेट घेऊन ये.”

सर्टिफिकेट ट्रंकेत होतं, मेणकापडात गुंडाळलेलं, घडीवर फाटलेलं, पण वाचता येत होतं. मी तीनच गोष्टी बघितल्या. भरतीची तारीख जानेवारी १९६७. सुटकेची तारीख जानेवारी १९७७, आणि कारणाच्या रकान्यात कराराची मुदत संपल्यामुळे अशी नोंद. फ्लीट रिझर्व्हच्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ.

सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. दास यांच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेला निकाल मी आधी वाचलेला होता. त्याचा आपल्या कामाचा भाग असा. रिझर्व्हमध्ये प्रत्यक्ष घेतलंच नाही तर रिझर्व्हिस्ट पेन्शन मागता येणार नाही. पण ३ जुलै १९७६ पूर्वी भरती झालेले, त्या तारखेला किंवा नंतर दहा वर्षं पूर्ण झालेले, आणि केवळ रिझर्व्ह बंद झाल्यामुळे तिथे जाऊ न शकलेले खलाशी नौदल पेन्शन नियमावलीच्या नियम ९५ खाली विशेष पेन्शनला पात्र ठरू शकतात. अट एक : मुदत संपल्यावर सुटका घ्यायचा पर्याय त्यांनी स्वतः निवडलेला नसावा.

तारखा तात्यांच्या बाजूने चोख होत्या. सुटका जून १९७६ मध्ये झाली असती तर फाईल तिथेच बंद करावी लागली असती. अडचण त्या शेवटच्या अटीची. तात्यांनी सही केलेला कागद म्हणजे सुटकेचा पर्याय निवडणं होतं का?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पेन्युरी अनुदानाचा. पेन्शन नसलेले, ६५ वर्षांवरचे, हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतचे गरजू माजी सैनिक यात बसतात. त्या वेळी महिना ४,००० रुपये मिळत. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो, कायद्याची भानगड नाही. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “माका कोणाची भीक नको. दहा वर्सां नोकरी केलंय, तेचे पैसे गावले, विषय संपलो.” काकी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तुमी थंय भीक मागूक गेल्लात काय? बॉयलरात गेल्लात ना?” तात्या काही बोलले नाहीत, पण अनुदानाच्या फॉर्मवर सही केली नाही ती नाहीच.

दुसरा पर्याय विशेष पेन्शनसाठी थेट अर्ज. खर्च नाही, पण नकार येण्याची शक्यता मोठी. तरी ही पायरी गाळून चालत नाही. आधी खात्याकडे मागणी केली आणि ती नाकारली गेली, हे दाखवावं लागतं.

तिसरा, सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुंबईला खंडपीठ आहे. अर्जाचा खर्च फारसा नसतो. खर्च वकिलाचा, आणि त्याहून जास्त कणकवलीहून मुंबईला जाण्यायेण्याचा.

चौथा पर्याय घरच्यांनीच आणला. एक एजंट गावात फिरत होता. थकबाकीतला तिसरा हिस्सा द्या, मी रिझर्व्हिस्ट पेन्शन करून देतो, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने जी पेन्शन नाकारली तीच तो देऊ करत होता. मुलगा आगाऊ रक्कम द्यायच्या बेतात होता. निकालातला तो परिच्छेद त्याला बसवून वाचून दाखवला, तेव्हा थांबला.

शेवटी ठरलं ते असं : थेट अर्ज लगेच, नकार आला तर न्यायाधिकरण. पहिला अर्ज लगेच टाकण्यामागे तारखेचा हिशोब होता. पेन्शनसारख्या दर महिन्याला नव्याने घडणाऱ्या अन्यायात उशिरा दाद मागितली तर थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सांगितलंय. १९७७ पासूनचे पैसे मिळतील अशी आशा कोणी दाखवत असेल तर ती खोटी आहे.

काय केलं

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. सोबत सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत, आधार, बँक पासबुक आणि एक पानी मागणी. त्या पानात विक्रांतचा उल्लेख एकाच वाक्यात ठेवला. भरतीच्या अटी, तीन तारखा, नियम ९५ आणि दास निकाल, एवढंच मांडलं.

संबंधित कार्यालयाचं उत्तर २०१९ मध्ये आलं. दोन मुद्दे होते. एक, अर्जदाराने पुढील सेवेस अनिच्छा दर्शवली होती, म्हणून तो पात्र नाही. दोन, पेन्शन नसलेल्यांची सेवाकागदपत्रं जपून ठेवण्याची मुदत उलटून गेल्याने ती नष्ट करण्यात आली आहेत. ही दोन वाक्यं एकाच पत्रात वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की प्रकरणात जीव आहे. कागदच नाहीत तर अनिच्छा कुठून वाचली? सुटकेनंतर शिल्लक राहिलेला एकमेव मूळ दस्तऐवज तात्यांच्या ट्रंकेतला होता.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. ओळखीतल्या एका वकिलांनी सरळ सल्ला दिला : प्रतिज्ञापत्रात १९७६ च्या सहीचा उल्लेखच करू नका. त्यांच्याकडे कागद नाही, आपणहून का सांगायचं? कायद्याच्या डावात हे बोलणं नवीन नाही, आणि वकील वाईट माणूस नव्हता. मुलगा तयार होता. सल्ला मी तात्यांच्या उजव्या कानाशी जाऊन जोरात सांगितला.

“खोटा सांगान मिळालेली पेन्शन माका नको. माका इचारल्यानी, मी नको म्हटलंय. पण रिझर्व्हाचा कोणी इचारूकच नाय.”

तात्यांच्या त्या शेवटच्या वाक्यात सगळा युक्तिवाद होता, आणि तो आम्हा कागदवाल्यांपैकी एकालाही तोवर सुचला नव्हता. प्रत्यक्ष सेवा वाढवून हवी का, हा एक प्रश्न. दहा वर्षांनंतर रिझर्व्हमध्ये जायला तयार आहात का, हा दुसरा. तात्यांनी पहिल्याला नाही म्हटलं होतं. दुसरा विचारलाच गेला नाही, कारण विचारण्यासारखं रिझर्व्हच उरलं नव्हतं. भरतीचा करार दहा वर्षांचाच होता. तो पूर्ण करून वाढीव सेवा न घेणं म्हणजे करार मोडणं नव्हे, आणि रिझर्व्ह नाकारणं तर नव्हेच.

दुसरे वकील शोधले. ते स्वतः माजी सैनिक अधिकारी, फी हप्त्याने घ्यायला तयार झाले. प्रतिज्ञापत्र तात्यांच्या सांगण्याबरहुकूम तयार झालं. १९७६ मध्ये विचारणा झाली, वडिलांच्या आजारपणामुळे सेवावाढ नाकारली, रिझर्व्हबद्दल काही विचारलं नाही, बोलावणं आलं असतं तर गेलो असतो. मराठीत मसुदा, तात्यांना वाचून दाखवला, मग इंग्रजी. ही वाचून दाखवण्याची पायरी कधीही गाळू नये. मसुद्यात ‘वडिलांच्या निधनामुळे’ असं पडलं होतं. वडील गेले १९७९ मध्ये. ती चूक तात्यांनीच पकडली. समोरच्या वकिलाने ती पकडली असती तर बाकीच्या खऱ्यावरही संशय आला असता.

करोनाने सगळं लांबलं. अर्ज २०२१ मध्ये दाखल झाला. तात्या एकाच सुनावणीला गेले, रात्रीच्या कोकणकन्येने, सोबत मुलगा. त्यांना काही ऐकू आलं नाही. मुलाने सांगितलं की न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलांना तो अनिच्छेचा कागद मागितला, आणि तो नाही म्हटल्यावर, मग रिझर्व्हबद्दल वेगळी विचारणा झाल्याची काही नोंद आहे का, असं विचारलं. तीही नव्हती.

काय हाती आलं

२०२३ मध्ये निकाल तात्यांच्या बाजूने लागला. नियम ९५ खाली विशेष पेन्शन, थकबाकी पहिल्या अर्जाआधीच्या तीन वर्षांपासून. रकमेचा आकडा त्यांच्या इच्छेने लिहीत नाही. बांगड्या सुटल्या एवढं सांगायला त्यांची हरकत नाही.

पेन्शन पेमेंट ऑर्डर हातात यायला पुढचं वर्ष उजाडलं. संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर नाव चढलं आणि दोन नव्या अडचणी निघाल्या. पहिली बोटांची. हयातीचा दाखला देताना मशीन तात्यांचा ठसाच घेईना. आयुष्यभर स्पॅनर, ग्रीस आणि डिझेल, बोटांच्या रेषाच पुसल्या गेलेल्या. सेतू केंद्रातला मुलगा ओल्या फडक्याने बोटं पुसून पुन्हा पुन्हा दाबत होता आणि तात्या संकोचून हात मागे घेत होते. मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो, तसा दिला.

दुसरी अडचण काकींच्या नावाची, आणि ती जास्त गंभीर. १९७४ मध्ये लग्न झाल्यावर तात्यांनी नौदलाच्या फॉर्मवर पत्नीचं माहेरचं नाव लिहिलं, कारण शाळेचा दाखला त्या नावाचा होता. लग्नात रीतीप्रमाणे नाव बदललं. रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, बँक, सगळीकडे सासरचं नाव. तात्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तीवेतनाचा प्रश्न येईल तेव्हा नोंदीतली बाई आणि आधारवरची बाई एकच आहे, हे काकींना एकटीने सिद्ध करत बसावं लागेल. लग्नाची नोंदणी त्या काळी गावात कोण करत होतं? लग्नपत्रिकाही उरली नव्हती.

दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र केलं, तहसीलदारांकडून दाखला घेतला आणि नावबदल राजपत्रात छापून आणला. तात्या हयात असताना त्यांच्या सहीने हे होतंय, ही यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू. दुरुस्तीचा अर्ज दाखल आहे. ईसीएचएसच्या कार्डाचा अर्ज तात्यांचा मंजूर झाला, काकींचा याच नावापायी अडकला. म्हणजे ज्या बाईच्या औषधोपचारासाठी मुलगा माझ्याकडे आला होता, तिचंच कार्ड अजून बाकी आहे. याचा मला मनापासून त्रास होतो.

वेगळं काय करता आलं असतं

काकींच्या नावाचं काम मूळ अर्जाबरोबरच सुरू करायला हवं होतं. पेन्शन मिळेल की नाही याची खात्री नसताना नावबदलाचा खर्च कशाला, असा विचार घरात झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण राजपत्र पेन्शनवर अवलंबून नसतं. बँकेपासून जमिनीच्या वारसापर्यंत ते कधीतरी लागतंच.

पेन्युरी अनुदानाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पेन्शन मंजूर होईपर्यंत ते घ्यायला हवं होतं. पेन्शन सुरू झाली की अनुदान थांबवण्यासाठी कळवायचं, हक्काच्या मागणीला त्याने बाध येत नाही. नकार दिला तो तात्यांच्या स्वाभिमानाने, आणि त्या स्वाभिमानाचा मी आदर करतो. पण त्या काळात काकींची औषधं उधारीवर येत होती. आता अशा घरी जातो तेव्हा अनुदानाची गोष्ट नवऱ्याला एकट्याला सांगत नाही, दोघांना समोर बसवून सांगतो. घर कोण चालवतं हे बहुतेक ठिकाणी बाईलाच जास्त ठाऊक असतं.

निकाल २०१६ चा, अर्ज २०१८ चा. या उशिरामुळे मागची तेवढ्या काळाची थकबाकी कायमची गेली. निकालाची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रांत आली असेल, कायद्याच्या मासिकांत आली असेल, पण तात्यांच्या गावी येतं ते मराठी दैनिक, आणि तेही दुपारी. आमच्या संघटनेच्या मेळाव्यात पेन्शनवाल्यांचेच विषय निघतात, थकबाकी, श्रेणी, कँटीन. पेन्शन नसलेला माणूस तिथे येतच नाही. मग त्याला कळणार कसं? यावर उपाय म्हणून आता आम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर साधी चार ओळींची सूचना लावतो : नौदलात १९७६ पूर्वी भरती, दहा वर्षं सेवा, पेन्शन नाही, असं कोणी असेल तर सर्टिफिकेट घेऊन भेटावं. त्या सूचनेवरून आलेल्यांतल्या एकाची सुटका मार्च १९७६ ची निघाली. त्याला दास निकालाचा उपयोग नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पेन्युरीचा फॉर्म त्याच बैठकीत भरून घेतला. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर सुटकेचं कारण ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं आहे. ते कठीण आहे, पण विनंती कशाची होती, हे त्याला अजून नीट आठवत नाही. त्याच्या बायकोला आठवतं असं तो म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात ती येणार आहे.